मॅडम नोट्स देत नाहीत

प्रभा गजभिये यांनी नागपूरच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि या काळात वर्गात एकदाही नोट्स दिल्या नाहीत. हे विधान त्यांचं आहे. नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला त्या ते करत, विभागाच्या बैठकीत करत, आणि निवृत्तीला वर्षभर उरलं असताना चौकशी समितीसमोरही त्यांनी ते केलं. तोपर्यंत त्यावर कोणी शंका घेतली नव्हती.

मी त्यांच्या वर्गात एकच वर्ष होतो, वीसेक वर्षांपूर्वी. ‘जागतिक नाटक’ नावाचा पेपर होता. त्यातल्या प्राचीन ग्रीक शोकांतिका मॅडम शिकवत. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो, शिक्षणाच्या बातम्या माझ्याकडे आल्या आणि त्या निमित्तानं कॉलेजात जाणं होत राहिलं. खाली लिहिलेलं काही मी पाहिलं आहे. बाकीचं तिथं हजर असलेल्यांकडून ऐकलं आणि किमान दोघांकडून ताडून घेतलं.

मॅडम उंचीनं कमी आणि आवाजानं मोठ्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि हजेरीपट. पुस्तक कधीच नाही. तासभर त्या एकही कागद न पाहता बोलत. त्यांच्या मते ते व्याख्यान नव्हतं, विचार होता; दरवर्षी नव्यानं, वर्गासमोर, मोठ्यानं केलेला. नोट्स म्हणजे शिळा भात, असं त्या म्हणत. उत्तरात कोणी ‘इत्यादी’ लिहिलं तर समासात लाल शाईनं विचारत, म्हणजे काय काय? उन्हाळा लागला की वर्गातला कूलर घरघरत असे. नाटकातल्या राजाला आपण खरे कोण आहोत हे कळण्याचा क्षण जवळ आला, की मॅडम हात वर करत आणि कूलर बंद करायला सांगत. पुढची दहा मिनिटं चाळीस जण घामानं निथळत ऐकत. त्या दहा मिनिटांसाठी दुसऱ्या शाखांतली पोरंही मागे येऊन उभी राहत.

त्यांच्या वर्गात ‘नशीब’ हा शब्द वापरायला मनाई होती. ग्रीकांच्या नाटकात तो असला तरी तुमच्या उत्तरात नको, असं त्या बजावत. आमच्या वर्गातल्या वानखेडेनं एकदा लिहिलं की नायकाचं नशीब फुटकं होतं. मॅडमनी त्याला उभं केलं आणि विचारलं की गेल्या आठवड्यात तुझी गाडी पोलिसांनी उचलून नेली, ती कुठे लावली होतीस. बर्डीवर, बाजारात, तो म्हणाला. पाटी होती का तिथे? होती. वाचली होतीस? वाचली होती, पण मॅडम, सगळेच लावतात.

‘बस खाली,’ मॅडम म्हणाल्या. ‘आता उत्तर परत लिही. नशिबाऐवजी पाटी हा शब्द घाल.’

वानखेडेला त्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले.

दुसरी आठवण स्नेहसंमेलनाची. मॅडमनी एक शोकांतिका बसवायला घेतली होती. ग्रीक नाटकात बारा-पंधरा जणांचा वृंद असतो. तो मंचावरून हलत नाही आणि मधूनमधून गातो. आमच्या पोरांना ते गाणं जमेना. ती शाळेच्या प्रार्थनेसारखी उभी राहत. तेव्हा मॅडमनी एका खेड्यातून दंडार हे लोकनाट्य करणारे एक म्हातारे गृहस्थ आणले. त्यांनी तालीम पाहिली आणि विचारलं, हे लोक कोण आहेत, आणि इथं उभे काहून आहेत? मॅडम म्हणाल्या, हे गावातले लोक आहेत. राजाची भानगड त्यांना आधीच ठाऊक असते, पण ते त्याला सांगत नाहीत. म्हातारा हसला. ‘असं आधी सांगा न बाई. असे लोक तं आमच्या गावात लई आहेत.’ त्यानंतर तीन दिवसांत वृंद उभा राहिला.

आता मूळ प्रकरण.

कॉलेज स्वायत्त आहे. परीक्षा तेच घेतं, उत्तरपत्रिका तिथलेच प्राध्यापक तपासतात. बी.ए.च्या शेवटच्या सत्राच्या गठ्ठ्यात मॅडमना दोन उत्तरपत्रिका अशा सापडल्या, की शोकांतिकेच्या प्रश्नाचं दीड पान दोन्हींत शब्दशः सारखं होतं. दोघांच्या परीक्षेच्या खोल्या वेगळ्या होत्या, असं परीक्षा विभागानं सांगितलं. म्हणजे एकमेकांचं पाहून लिहिलेलं नाही, दोघांनी एकाच चिठ्ठीवरून उतरवलं आहे, असा निष्कर्ष मॅडमनी काढला. त्या दीड पानात एक वाक्य होतं: ‘नायकाचा पाय घसरत नाही, तो ज्या पायरीवर उभा असतो, ती त्यानंच आतून पोकळ केलेली असते.’ मॅडमनी दोन्ही ठिकाणी ते अधोरेखित केलं आणि समासात लिहिलं, ‘वाक्य चांगलं आहे. म्हणूनच ते विद्यार्थ्याचं नाही.’

उत्तरपत्रिकांवर सांकेतिक क्रमांक असतात, नावं नसतात. नावं नंतर उघडली. एक निखिल नावाचा मुलगा होता आणि दुसरी वैशाली उके. वैशाली कन्हानची. वडील कोळसा खाणीत होते, ती नागपुरात हॉस्टेलला राहत होती आणि मॅडमच्याच विभागात एम.ए. करणार होती. समितीत तीन जण होते, उपप्राचार्य बोकडे अध्यक्ष. मॅडम तक्रारदार होत्या.

निखिलनं सांगितलं की आम्ही कॉपी केली नाही, पाठ केलं. कशावरून, असं समितीनं विचारलं. वैशाली म्हणाली, नोट्सवरून. हॉस्टेलमधल्या सीनियरची झेरॉक्स होती आणि ती सीनियर आता गावी गेली आहे. कोणाच्या नोट्स, असं बोकडे सरांनी विचारलं. वैशालीनं मॅडमकडे पाहिलं.

‘तुमच्याच आहेत मॅडम.’

‘मी नोट्स देत नाही,’ मॅडम म्हणाल्या.

यावर वैशाली काही बोलली नाही. समितीच्या एका सदस्यानं मला नंतर सांगितलं की त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्ही कबुली असा घेतला. दोघांचं ते सत्र रद्द झालं आणि पुढच्या परीक्षेलाही बसायला मनाई झाली. पदवी नाही, म्हणून एम.ए.ला प्रवेश नाही. प्रवेश नाही, म्हणून हॉस्टेल नाही. वैशाली सामान घेऊन कन्हानला गेली. मी या प्रकरणाची चार ओळींची बातमी दिली, नावांशिवाय. ती तिसऱ्या पानावर लागली.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. मॅडमनी ते संपू दिलं नाही. चोर सापडले पण माल कुठून आला ते सापडलं नाही, असं त्यांनी समितीला कळवलं आणि तो शोधायला स्वतः निघाल्या. मे महिन्यात, सकाळी दहाच्या आत, डोक्याला ओढणी बांधून त्यांनी बर्डीच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं एकामागून एक पालथी घातली. सातव्या दुकानात त्यांनी ‘जागतिक नाटक’चं काही आहे का म्हणून विचारलं. दुकानदारानं मागे न पाहता हात लांबवला आणि स्पायरल बांधणीचा एक गठ्ठा काउंटरवर ठेवला. त्यांचं बोलणं मी दोघांकडूनही ऐकलं आहे आणि ते जुळतं.

‘हे घेऊन जा. गजभिये मॅडमचं आहे. वीस वर्षांपासून चालून राहिलं. दुसरं काही वाचाची गरजच नाही.’

‘गजभिये मॅडम नोट्स देत नाहीत.’

‘देत नाहीत म्हणून तं खपते न.’

मॅडमनी काउंटरवरच पानं उलटली. कुठल्या तरी जुन्या विद्यार्थिनीचं ते टपोरं अक्षर होतं, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन पुसट झालेलं. तिनं मॅडमचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. त्यानंतरच्या वर्षांतल्या पोरांनी ते वर्गात ताडून पाहिलं होतं आणि कुठे काय होतं ते कंसात घातलं होतं. ‘इथे मॅडम पाणी पितात.’ ‘इथे कूलर बंद.’ दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे एका पानाशी बाई मोठ्यानं हसल्या. ते पान मी पाहिलं आहे. त्यावर कंसात लिहिलं आहे, ‘इथे मॅडमचा विनोद. सर्वांनी हसणे.’

पुढच्या पानावर पोकळ पायरीचं वाक्य होतं. ते त्यांनी उभ्यानंच पुन्हा पुन्हा वाचलं. दुकानदारानं स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत.

एम.ए.च्या प्रवेशाची मुदत संपायला तेव्हा तीन दिवस उरले होते.

त्याच दुपारी त्या बोकडे सरांच्या घरी गेल्या. बोकडे सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी गठ्ठा चाळला, दोन ठिकाणी हसले आणि मग गंभीर झाले. प्राचार्य महिनाअखेर निवृत्त होणार होते. ज्येष्ठतेप्रमाणे प्रभारी प्राचार्यपद मॅडमकडे यायचं होतं आणि बैठक पुढच्याच आठवड्यात होती. मुलांची शिक्षा सहानुभूतीनं कमी करता येईल, त्यात तुमचं नाव यायची गरज नाही, एवढं त्यांनी सुचवलं. मॅडम म्हणाल्या की सहानुभूती गुन्हेगाराला दाखवतात. बोकडे सर वैतागले.

‘काहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिल्या मॅडम? आठ दिवस थांबा.’

‘आठ दिवसांनी त्या पोरीचं वर्ष गेलेलं असेल सर. समिती बोलवा. या वेळी आरोपी मी.’

समिती दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बसली. मॅडमनी तीन सदस्यांपुढे गठ्ठ्याच्या तीन प्रती ठेवल्या. बेचाळिसावं पान उघडायला सांगितलं. मग त्या उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधले आणि बोलू लागल्या. कागद नाही, तयारी नाही, दरवर्षी वर्गात बोलत तशाच.

‘राजा गुन्हेगार शोधायला निघतो. तो प्रामाणिक आहे, हे आधी लिहून ठेवा. अप्रामाणिक राजा शोध मध्येच थांबवतो आणि सुखानं राज्य करतो. याला लोक सांगतात, थांब. जवळची माणसं सांगतात, थांब. तो थांबत नाही, म्हणून त्याच्यावर नाटक लिहिलं जातं.’

तिघांची बोटं ओळींखालून सरकत होती. पान संपलं, तिघांनी एकदमच पान उलटलं. मॅडम बोलता बोलता थांबल्या आणि त्यांनी बाटली तोंडाला लावली. कंसात तेच लिहिलेलं होतं. एका सदस्याला हसू आवरलं नाही; तो माफ करा म्हणाला, पण बोकडे सरही हसत होते. मॅडम थांबल्या नाहीत. पायरीचं वाक्य आलं तेव्हा खोलीत कोणी हसत नव्हतं. चार मिनिटांत एका ‘आणि’चा फरक पडला, तोही मॅडमच्या मते उतरवणारीची चूक.

मग त्या बसल्या आणि त्यांनी निवेदन वाचलं. या दोन विद्यार्थ्यांनी माझी वाक्यं पाठ केली. ती माझी आहेत हे मला ओळखता आलं नाही. मुलीनं मला तोंडावर सांगितलं तेव्हा मी तिला खोटं ठरवलं. कॉपी कोणी केली असेल तर ती मी, दरवर्षी, स्वतःचीच.

दुपारी तीन वाजता शिक्षा रद्द झाली. दोघांचा निकाल लावण्याचा आदेश निघाला. निखिल तोपर्यंत पुण्याला नोकरी शोधायला गेला होता. त्याला बोकडे सरांनी फोन केला. वैशालीला फोन करायला मॅडमनी मनाई केली. आदेशाची प्रत घेऊन त्या बसनं कन्हानला गेल्या.

घरी वैशालीची आई एकटी होती. वैशाली कामठीत एका औषधाच्या दुकानात कामाला लागली होती आणि परतायची वेळ झाली होती. तिची वह्या-पुस्तकं पोत्यात बांधून दाराआड ठेवलेली दिसत होती. आईनं मॅडमना ओळखलं आणि आत बोलावलं नाही. पुढचं मला वैशालीनं सांगितलं. ती सायकल टेकवत असताना हे बोलणं चालू होतं.

‘आता काहून आल्या मॅडम?’

‘तुमच्या पोरीचं खरं होतं. माझं चुकलं. ते सांगाले आली.’ मॅडम नागपूरच्याच इंदोऱ्यात वाढल्या होत्या, कापड गिरणीतल्या कामगाराची मुलगी. पण कॉलेजात त्यांच्या तोंडून हे बोलणं कोणी ऐकलं नव्हतं.

‘तवा नाही दिसलं तुम्हाले?’

‘नाही दिसलं ताई. माझी वही मीच वाचली नव्हती.’

वैशाली पुढे आली. मॅडमनी आदेश तिच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला. ‘मी म्हणली होती न मॅडम,’ ती म्हणाली, ‘तुमच्याच आहेत म्हणून.’ मॅडम हो म्हणाल्या. मग तिनं विचारलं की परवापर्यंत फॉर्म भरता येतो का. मॅडमनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. तोवर आईनं दारातूनच विचारलं की चहा साखरेचा घेता की बिनसाखरेचा, आणि मॅडम आत गेल्या. फॉर्म चहाबरोबरच भरला गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या कार्यालयात आल्या. मी दिलेल्या बातमीचं कात्रण त्यांनी टेबलावर ठेवलं आणि त्याच पानावर, तेवढ्याच जागेत खुलासा हवा म्हणाल्या, त्यांच्या नावासह. आमच्या संपादकांना त्यात प्राध्यापिकेची बदनामी होईल असं वाटत होतं. बदनामी आधीच झाली आहे, फक्त दुसऱ्याच माणसांची, असं मॅडम म्हणाल्या. खुलासा लागला.

निघताना त्यांनी गठ्ठा मला दाखवला. मी उघडला नाही. माझ्या वर्षीही तो होता, मीही त्यावरूनच पास झालो होतो, हे मी त्यांना सांगितलं.

‘म्हणजे वृंदात तूही होतास,’ त्या म्हणाल्या.

प्रभारी प्राचार्यपद बोकडे सरांकडे गेलं. कारण लेखी दिलं नाही. तोंडी असं सांगण्यात आलं की ज्यांना स्वतःच्या तासात काय चालतं ते कळत नाही, त्यांना कॉलेज कसं कळेल. मॅडमनी बोकडे सरांना पहिला हार घातला आणि दुसऱ्या दिवसापासून नोकरीच्या शेवटच्या वर्षाच्या तासांना लागल्या. त्यांनी वर्गात गठ्ठ्याच्या प्रती स्वतः वाटल्या आणि एक नियम केला: जुनं वाक्य आलं की ज्याला सापडेल त्यानं बाक वाजवायचा. पहिल्या आठवड्यात इतका गडगडाट झाला की शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गातून तक्रार आली. मॅडम वाक्य अर्धं सोडत, दुसरं शोधत, अडखळत, कधी चक्क माहीत नाही म्हणत. साठाव्या वर्षी बाई शिकवायला शिकून राहिल्या, असं शिपाई म्हणायचा. दिवाळीनंतर बाक क्वचित वाजे. जानेवारीत एक पूर्ण तास असा गेला की एकदाही वाजला नाही. त्या दिवशी पोरांनी तास संपल्यावर मिळून बाक वाजवले आणि ते तीन मजल्यांवर ऐकू गेलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीच्या आठवड्यात. त्यांच्यावर मजकूर लिहायचा म्हणून गेलो होतो. तास चालू होता, मी दाराबाहेर थांबलो. एम.ए.चा पहिल्या वर्षाचा वर्ग होता आणि वैशाली तिसऱ्या बाकावर होती. मॅडम म्हणत होत्या की राजा सिंहासनावरून उतरतो, पण स्वतःला ओळखून उतरतो, आणि हे ओळखणं गेलेल्या राज्याहून मोठं असतं. म्हणून शोकांतिका ही हार नव्हे. वाक्य नवं होतं, बाक वाजला नाही. वैशालीनं हात वर केला.

‘मॅडम, हे मले पटलं नाही.’

वर्गात चुळबुळ झाली. मॅडम खडू हातात धरून थांबल्या.

‘राजाले कळलं ते चांगलं झालं,’ वैशाली म्हणाली. ‘पण त्याले कळेपर्यंत ज्यांनी भोगलं त्यांचं काय? ते काही सिंहासनावर नव्हते. त्यांच्यासाठी नाटकात दोन ओळीही नाहीत.’

मॅडमनी खडू टेबलावर ठेवला, मंचावरून खाली आल्या आणि पहिल्या बाकावरच्या दोन मुलींना थोडं सरकायला सांगितलं.

‘पुढे ये,’ त्या म्हणाल्या. ‘त्या लोकांचं नाटक सांग आम्हाला.’

वैशाली आधी उठली नाही. मागून कोणी तरी म्हटलं, जा न वं. मग ती उठली, मंचावर गेली, ओढणी खांद्यावर नीट केली आणि सुरुवातीला फळ्याकडे पाहत, नंतर वर्गाकडे पाहत बोलू लागली. मला दारातून मॅडमची पाठ दिसत होती. त्या दोन मुलींच्या मध्ये दाटीनं बसल्या होत्या आणि वैशालीच्या एका वाक्याला त्यांनी तळहातानं बाक वाजवला. वैशाली दचकून थांबली. जुनं आहे का, तिनं विचारलं.

‘नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘हे मी पहिल्यांदाच ऐकते आहे. बोल पुढे.’